खोक्यावरचे ‘३० एक्स’ आणि खिशात मावणारा कॅमेरा

प्रवासाला जायचं ठरलं की कॅमेऱ्याचा विषय निघतो. माणूस दोन-तीन मॉडेलं समोर उघडून बसतो आणि अर्ध्या तासात हात टेकतो. ‘३० एक्स ऑप्टिकल झूम’, ‘२४–७२० मिमी’, ‘१/२.३ इंच सेन्सर’, ‘एफ/३.३–६.४’, ‘२० मेगापिक्सेल’. यातला कुठला आकडा मोठा असावा आणि कुठला लहान, हेच कळत नाही. मग जो त्यातल्या त्यात ओळखीचा वाटतो, म्हणजे ‘एक्स’, त्यावर बोट ठेवून खरेदी होते.

हा गोंधळ सध्या वाढलाय, त्याला कारण आहे. छोटे कॅमेरे संपले असंच सगळे धरून चालले होते. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक छोटेच होते. २०२४ साली सगळ्या प्रकारचे मिळून हा आकडा ८५ लाखांच्या आसपास होता. मधल्या काळात फोनने बाजार गिळला. आता मात्र छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आहे. २०१९ सालचा कॅनन जी७एक्स मार्क ३ मिळेनासा झाला आणि २०२५ मध्ये पॅनासॉनिक, कॅनन यांनी नवे छोटे कॅमेरे आणले. ते घ्यायला निघालेल्यांतल्या अनेकांच्या हातात आजवर फोनखेरीज कॅमेराच आलेला नाही. खोक्यावरची ही भाषा त्यांना शिकवलेलीच नाही कुणी.

म्हणून आधी ती भाषा समजून घेऊ. ती कळली की एक गोष्ट लख्ख दिसते: लांबवर पोहोचणारी लेन्स, अंधारातही पुरेल इतका प्रकाश आणि खिशात मावणारा आकार, ही तिन्ही एका कॅमेऱ्यात बसत नाहीत. त्यातलं काय सोडायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

‘३० एक्स’ म्हणजे तीसपट जवळ नव्हे

वर्तमानपत्राची सुरळी करून डोळ्याला लावा. समोरचं थोडंसंच दिसेल, पण लक्ष तेवढ्यावरच जाईल. सुरळी जितकी लांब, तितका दिसणारा तुकडा लहान. लेन्सचं ‘फोकल लेंथ’ नावाचं माप ढोबळमानाने या सुरळीच्या लांबीसारखं वागतं. ते मिलिमीटरमध्ये देतात. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्याचा छोटा तुकडा मोठा होऊन दिसणार.

‘एक्स’ म्हणजे या मापाचं मोठं टोक भागिले लहान टोक. ७२० ला २४ ने भागलं की ३० येतात, झालं ‘३० एक्स’. पण २४ ते ७२ ही लेन्ससुद्धा ‘३ एक्स’ आणि २४० ते ७२० ही लेन्ससुद्धा ‘३ एक्स’च. पहिलीत अख्खी खोली मावेल, दुसरीत खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे ‘एक्स’वरून कॅमेरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यातलं काहीच कळत नाही. बघायची असतात ती दोन टोकं.

त्यांचा अंदाज असा. २४ मिमीवर आडवा कोन साधारण ७४ अंशांचा मिळतो. डोंगररांग, चौक, खोलीतली सगळी माणसं त्यात येतात. ५० मिमीवर तो ४० अंशांच्या आत येतो, आपण सहज नजर टाकतो तसं दिसतं. २०० मिमीवर जेमतेम १० अंश: रस्त्यापलीकडचा चेहरा, कमानीवरचं कोरीवकाम. आणि ७२० मिमीवर ३ अंशसुद्धा नाहीत. आकाशातला चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे या टोकाला तो चौकटीच्या उंचीचा पाव भाग व्यापतो. चंद्र, पक्षी, समुद्रातली लांबची होडी यांना हे टोक लागतं. प्रवासातल्या बाकीच्या फार थोड्या गोष्टींना लागतं.

जाता जाता एक खुलासा. ही सगळी मापं ‘समतुल्य’ असतात. जुन्या फिल्मच्या ३६ गुणिले २४ मिमी चौकटीवर जी लेन्स एवढाच कोन देईल, तिचं माप लिहायचा प्रघात आहे, म्हणजे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करता येते. लेन्सची खरी लांबी त्याहून पुष्कळ कमी असते. ही बाब लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणं बरोबर नाही. चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्यासाठी लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, तिच्याबद्दल पुढे) झूम कॅमेऱ्याला अनेकदा मागे टाकतो. फोन एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो, अंधारात फोटोत येणारे बारीक दाणे पुसतो, उजेड-अंधार समतोल करतो. खिशातल्या कॅमेऱ्यात एवढा ताकदवान संगणक नसतो. त्यामुळे ‘फोनपेक्षा फोटो चांगले येतील’ एवढ्याच आशेने लहान सेन्सरचा कॅमेरा घेतला तर पदरी निराशा येईल.

फोन मागे पडतो तो लांबच्या फोटोत. बहुतेक फोनमध्ये लांबची लेन्स ठरावीक मापाची असते. आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये ती १२० मिमीची आहे. त्यापुढे बोटांनी ताणलं की फोन चित्र कापतो आणि फुगवतो. दहापट ताणलेल्या चित्रात मूळ क्षेत्रफळाचा शंभरावा भाग उरतो, बाकीचं गणिताने भरलेलं असतं. पानं रंगवल्यासारखी दिसतात, पक्ष्याची पिसं मेणासारखी गुळगुळीत. कॅमेऱ्याची लेन्स मात्र काचा सरकवून खरंच मोठं करते आणि मधल्या प्रत्येक मापावर ते करते.

दुसरं कारण आकड्यांत सापडत नाही. कॅमेऱ्याला धरायला जागा असते, बटण दाबलं की लगेच फोटो निघतो, आणि बघताबघता एखादा निरोप येऊन लक्ष उडत नाही. मला स्वतःला हे कारण पहिल्याइतकंच मोठं वाटतं.

इंच म्हणतात, पण इंच नसतात

सेन्सर म्हणजे लेन्समागची ती चौकोनी चिप, जिच्यावर प्रकाश पडून चित्र उमटतं. त्याची मापं ‘१ इंच’, ‘१/२.३ इंच’ अशी देतात, पण पट्टी लावून मोजलं तर एक इंच कुठेच सापडत नाही. ‘१ इंच’ सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिमीचा असतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १६ मिमीच्या आतच. ही नावं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आली. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असे, पण चित्र उमटायची जागा आत त्याच्या सुमारे दोन तृतीयांश असे. नळ्या गेल्या, नावं राहिली.

‘१/२.३ इंच’ सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमीचा. करंगळीच्या नखावर मावेल. दोघांची क्षेत्रफळं काढली तर १ इंचवाला दुसऱ्याच्या चौपट भरतो. पावसात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठतं. जोराचा पाऊस असेल, म्हणजे भर दुपारचं ऊन असेल, तर वाटीही पुरते. रिमझिम असेल, म्हणजे संध्याकाळ किंवा घराच्या आतला उजेड, तेव्हा वाटीच्या तळाला चार थेंब जमतात. कॅमेरा मग त्या चार थेंबांनाच फुगवून दाखवतो आणि फोटोत वाळूसारखे दाणे दिसतात. या फुगवण्याच्या मापाला ‘आयएसओ’ म्हणतात.

मेगापिक्सेल, म्हणजे चित्र किती दशलक्ष बारीक चौकटींचं (पिक्सेलांचं) आहे तो आकडा, दोन्हींत सारखाच, २० च्या आसपास. म्हणून त्या आकड्याकडे बघून निवड करण्यात काही अर्थ नाही.

एका काळोख्या दालनात

माझा स्वतःचा एक फोटो इथे सांगावासा वाटतो. जुन्या इमारतीचं लांबट दालन होतं, उंच छताचं. एकच खिडकी. तिच्याशी एक म्हातारे गृहस्थ घड्याळाची साखळी दुरुस्त करत बसले होते. उजेड फक्त त्यांच्या बोटांवर आणि चष्म्याच्या कडेवर. माझ्याकडे तेव्हा तीसपट झूमचा खिशातला कॅमेरा होता. त्यांना त्रास नको म्हणून मी दारातच थांबलो, लेन्स पुढे नेली आणि श्वास रोखून बटण दाबलं.

छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसला. रात्री मोठ्या पडद्यावर उघडला तेव्हा बोटांच्या जागी नुसता धूसर पट्टा होता आणि चष्म्याची कड दाण्यांत विरघळून गेली होती. फोटोच्या तपशिलात लिहिलं होतं: एफ/५.६, १/८ सेकंद, आयएसओ ३२००. त्या एका ओळीत सगळा दोष उलगडून ठेवलेला होता, मला तेव्हा तो वाचता येत नव्हता इतकंच.

एफ-आकडा म्हणजे लेन्सची खिडकी किती उघडी आहे त्याचं माप. आकडा लहान तर खिडकी मोठी. हे उलटं वाटतं, कारण तो भागाकार आहे: लेन्सची लांबी भागिले खिडकीचा व्यास. खिडकीतून येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ असता तर जवळपास दहापट प्रकाश आत आला असता आणि तो प्रकाश गोळा करायला १/८ सेकंदाच्या जागी १/८० सेकंद पुरला असता. काम करणारी बोटं १/८ सेकंदात सरकतातच, १/८० मध्ये बहुतेक वेळा थांबलेली दिसतात.

माझ्या कॅमेऱ्यात तो लहान आकडा मिळालाच नसता. खोक्यावर ‘एफ/३.३–६.४’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी वाचायचं. पहिला आकडा रुंद टोकाचा, दुसरा लांब टोकाचा. झूम करत गेलं की खिडकी आपोआप बारीक होते, आणि या लेन्समध्ये शेवटी रुंद टोकाच्या जेमतेम पाव प्रकाश उरतो. मी दारात न थांबता विचारून चार पावलं पुढे गेलो असतो आणि लेन्स मागे आणली असती, तर त्याच कॅमेऱ्यातून तिप्पट उजेड मिळाला असता.

कंपन्या मोठी खिडकी का देत नाहीत?

कारण भागाकार. २४–७२० लेन्सचं ७२० हे समतुल्य माप, १/२.३ इंच सेन्सरवर तिची खरी लांबी सुमारे १२९ मिमी भरते. एफ/६.४ साठी खिडकीचा व्यास २० मिमी लागतो. एवढी काच खिशात मावते. त्याच टोकाला एफ/२.८ हवा असेल तर व्यास ४६ मिमी. लेन्स वाटीएवढी होईल आणि कॅमेरा खिशातून बाहेर येईल.

सेन्सर १ इंचाचा केला तर आणखी अवघड. हे करून दाखवलेला कॅमेरा आहे: सोनी आरएक्स१० मार्क ४. त्यात १ इंच सेन्सर, २४–६०० मिमी आणि लांबच्या टोकालाही एफ/४. लेन्सची खरी लांबी २२० मिमी, म्हणजे खिडकीचा व्यास ५५ मिमी. वजन १,०९५ ग्रॅम. निकॉन पी१००० मध्ये तर ३,००० मिमीपर्यंत झूम आहे, लहान सेन्सरवर, आणि वजन १,४१५ ग्रॅम. दोन्ही कॅमेरे आपापल्या जागी उत्तम आहेत. पण ते खांद्यावरचे कॅमेरे झाले, खिशातले नव्हेत.

यात कुणाची फसवाफसवी नाही. काचेला आकार लागतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने टळत नाही. फोन अनेक फोटो जोडून त्यातून थोडी पळवाट काढतो, पण समोरचं हलत असेल तर तीही अपुरी पडते.

लांबचा फोटो मऊ का येतो?

झूमच्या शेवटच्या टोकाला फोटो किंचित मऊ येतो आणि लोकांना वाटतं की आपला कॅमेरा खराब निघाला. बहुतेक वेळा तसं नसतं. प्रकाश बारीक खिडकीतून जाताना पसरतो, त्यामुळे एका बिंदूचा ठिपका होतो. एफ/६.४ वर हा ठिपका सुमारे ८.६ मायक्रॉनचा, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २० मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर एक पिक्सेल मात्र जेमतेम १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एकेक ठिपका सात पिक्सेल रुंद. बारीक चौकटींच्या आलेख कागदावर जाड मार्करने लिहिल्यासारखं आहे हे. चौकटी कितीही बारीक करा, अक्षर मार्करच्या टोकाहून बारीक येणार नाही.

शिवाय लांबच्या फोटोत आपण आणि वस्तू यांच्यामध्ये किलोमीटरभर हवा असते. उन्हाने जमीन तापली की ती हवा थरथरते आणि धुरकटही असते. सकाळी लवकर तोच डोंगर, तोच कॅमेरा, फोटो स्वच्छ. दुपारी नाही. कॅमेरा बदलून इथे काही होत नाही, वेळ बदलावी लागते.

आणि हात. लांब काठी एका टोकाला धरा, मनगट जरासं हललं तरी दुसरं टोक वीतभर हलतं. लेन्सचंही तसंच. जुना ठोकताळा असा की शटर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश सोडणारा पडदा, उघडं राहायचा वेळ फोकल लेंथच्या उलट्या संख्येहून जास्त नसावा: ७२० मिमीवर १/७२० सेकंद. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय, म्हणजे हाताच्या उलट दिशेला काच सरकवणारी यंत्रणा, हा वेळ दहा-पंधरापट वाढवू देते. पण ती फक्त आपला हात सावरते. समोरचं पाखरू उडालं तर त्याला ती थांबवू शकत नाही.

आपल्याच जुन्या फोटोंना विचारा

कुणी ‘कुठला घेऊ?’ असं विचारलं की मी एकच सांगतो: गेल्या दोन-तीन प्रवासांतले फोटो बाहेर काढा. जे मनासारखे आले ते बाजूला ठेवा आणि फसलेले बघा. तुमची गरज तिथे लिहिलेली असते.

ताणून ताणून फुटलेले फोटो जास्त असतील, म्हणजे पक्षी, शिखरं, वरच्या मजल्यावरचं कोरीवकाम, तर तुम्हाला पल्ला हवा. हललेले, काळवंडलेले, दाणेदार फोटो जास्त असतील, म्हणजे संग्रहालयातले, संध्याकाळच्या गल्लीतले, घरातल्या माणसांचे, तर तुम्हाला प्रकाश हवा. दोन्ही प्रकार थोडे थोडे असतील तर मधला मार्ग. माझे स्वतःचे फोटो असे मांडले तेव्हा फसलेले बहुतेक अंधारातले निघाले. मी मात्र इतकी वर्षं पल्ल्यामागे धावत होतो.

पल्ला हवा असणाऱ्यांसाठी पॅनासॉनिक टीझेड९९ (काही देशांत झेडएस९९) २४–७२० मिमीचा आहे आणि कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० तर २४–९६० मिमीचा. दोन्ही तीनशे ग्रॅमच्या आसपास, दोन्हींचा सेन्सर लहान. भरपूर उजेडात चांगले चालतात. फरक एवढा की टीझेड९९ मध्ये ‘रॉ’ फोटो मिळतात, एसएक्स७४० मध्ये नाहीत. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेला कच्चा फोटो, जो नंतर संगणकावर सावकाश सुधारता येतो.

प्रकाश हवा असणाऱ्यांसाठी कॅनन जी७एक्स मार्क ३: १ इंच सेन्सर, २४–१०० मिमी, एफ/१.८–२.८. रुंद टोकाला सेन्सरचं क्षेत्रफळ आणि खिडकी या दोन्हींचा हिशेब केला तर टीझेड९९ च्या सुमारे चौदापट प्रकाश याला गोळा करता येतो. दालनातल्या त्या बोटांसाठी मला हा हवा होता. कॅननचाच नवा व्ही१ याहून मोठ्या सेन्सरचा आहे, पण त्याची लेन्स १६–५० मिमीची. तो रुंद दृश्यांचा आणि व्हिडिओचा कॅमेरा. लांबच्या फोटोंसाठी तो घेऊ नये.

मधल्या मार्गावर सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२४–२०० मिमी, एफ/२.८–४.५, ३०२ ग्रॅम) आणि पॅनासॉनिक टीझेड२०० (२४–३६० मिमी, एफ/३.३–६.४). दोन्हींत १ इंच सेन्सर. टीझेड२०० चे एफ-आकडे टीझेड९९ सारखेच दिसतात, पण सेन्सर चौपट मोठा असल्याने एकूण प्रकाश जास्त जमतो. हे उदाहरण मुद्दाम दिलं, कारण नुसते एफ-आकडे पाहून अनेकजण इथे चकतात.

प्रवासात सगळं थोडं थोडं करणाऱ्याला मी या मधल्या गटाकडेच वळायला सांगेन.

पण २०० मिमी कमी नाही का?

वाटतो तितका कमी नाही. १ इंच सेन्सरवरचा २०० मिमीचा २० मेगापिक्सेलचा फोटो कापून ४०० मिमीएवढा केला तर ५ मेगापिक्सेल उरतात. फुल एचडी पडद्याला २ मेगापिक्सेलच लागतात. फोनवर बघायला, लहान आकारात छापायला ५ पुरतात. उलट लहान सेन्सरवरून अंधारात हरवलेला तपशील काही केल्या परत आणता येत नाही. कापणं आपल्या हातात राहतं, उजेड राहत नाही. पक्षी हाच ध्यास असेल तर मात्र हे उत्तर लागू नाही. तिथे खरी लांब लेन्स आणि खांद्यावरचं वजन, दोन्ही पत्करावं लागतं.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला तर?

फोटो सरस येतील यात वाद नाही. पण पिशवी लागते, लेन्सा बदलाव्या लागतात, आणि बदलेपर्यंत क्षण निघून जातो. ज्यांना त्यातच आनंद आहे त्यांनी जरूर घ्यावा. सोबतची माणसं पुढे चालती झाली आणि आपण मागे लेन्स बदलत बसलो, हे ज्यांना नको आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पाचव्या दिवशी जाणवणाऱ्या गोष्टी

व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी. रणरणत्या उन्हात मागचा पडदा आरसा होतो आणि आपण अंदाजाने फोटो काढत राहतो. लांब झूमवर तर कॅमेरा कपाळाला टेकवल्याने हातही स्थिर राहतो. आरएक्स१०० मार्क ७ आणि टीझेड२०० मध्ये ही सोय आहे. टीझेड९९, एसएक्स७४० आणि जी७एक्स मार्क ३ मध्ये नाही. चष्मा असेल तर डोळा लावून बघितल्याशिवाय कॅमेरा घेऊ नका.

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी दिवसभर पुरेल असं धरून चालू नका, एक जादा ठेवा. विमानात ती हातातल्या सामानात न्यायची. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. चार्जिंगचं तोंड यूएसबी-सी आहे का तेही बघा. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून ते बंधनकारक झालं, त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांत ते येतं आणि फोनच्याच वायरीवर काम भागतं. आधीच्या काही मॉडेलांना जुनी मायक्रो-यूएसबी वायर लागते, ती नेमकी प्रवासात हरवते.

आणि धूळ. याबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून मी जरा जोर देऊन सांगतो. लेन्स पुढे-मागे होताना कॅमेरा भात्यासारखी हवा आत ओढतो आणि हवेबरोबर धूळही. ती सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आकाशात त्याच जागी काळपट डाग येतो. लेन्स पक्की बसवलेली असल्याने तो डाग घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. खिशातल्या बहुतेक झूम कॅमेऱ्यांना धूळ-पाण्यापासून संरक्षण नसतं. खिशात सुटा टाकू नका, पातळ कापडी पिशवीत ठेवा. वाळूत किंवा वाऱ्यात असाल तर लेन्स बाहेर काढून ठेवू नका.

वापरलेला घेताना

नवे कॅमेरे कमी निघतात, त्यामुळे वापरलेल्यांकडे वळणारे बरेच आहेत. त्यात वावगं काही नाही, सेन्सर वापराने झिजत नाही. तपासायची ती लेन्स. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे न्या. अडखळली, करकरली किंवा एका बाजूला कललेली दिसली तर नको म्हणा.

मग आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्सची खिडकी) स्वतः ठरवायच्या ‘ए’ किंवा ‘एव्ही’ पद्धतीत सगळ्यांत मोठा एफ-आकडा ठेवा आणि एक फोटो काढा. धूळ असेल तर ती अशा बारीक खिडकीतच सर्वांत स्पष्ट दिसते. दुसरा फोटो पूर्ण झूम करून लांबच्या पाटीचा, त्यातली अक्षरं डाव्या आणि उजव्या कडेला सारखीच ठळक आहेत का ते बघण्यासाठी. तिसरा खोलीतल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात, माणसाच्या हातांचा. नव्या कॅमेऱ्यालाही हेच तीन फोटो लावा. स्वतःचं कार्ड घालून काढा आणि पैसे देण्याआधी ते मोठ्या पडद्यावर उघडून बघा. मी रात्री उघडून बघितला होता, तोवर ते गृहस्थ कधीच साखळी जोडून उठून गेले होते.